नववं घमेलं

इंदापूरच्या स्टँडवर माझी बारामतीची एसटी चुकली, म्हणून उशीर होईल एवढं सांगायला मी बूथवरून घरी फोन लावला. पलीकडून बायको म्हणाली, "तुम्ही आधी कुठंतरी बसा बरं…" मी उभाच राहिलो. आमचे शेजारी भानुदासतात्या सकाळी अंघोळीचं पाणी काढता काढता गेले होते. पुढच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही. डोक्यात एकच घोळत होतं… तात्यांचा आणि त्यांच्या थोरल्या भावाचा डाव अर्धाच राहिला. माणूस गेला आणि आपल्याला खेळ आठवतोय, याची लाजही वाटली. पण आज दीड महिना झाला तरी मला तेच आठवतं.

तात्या साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर अमेरिकेत मुलीकडे तीन महिने राहून आले. घड्याळं, चॉकलेटं येतील म्हणून आमची आळी आस लावून बसली होती आणि तात्यांच्या बॅगेतून निघाल्या प्लॅस्टिकच्या जाड चकत्या. "तितं बागंत लोक ह्या फेकत हिंडत्यात," तात्या सांगायला लागले. "गोल्फच हाय, पर काठी न्हाय, चेंडू न्हाय. चकती जितं पडंल तितनं पुन्हा फेकायची. कमीत कमी फेकीत जाळीत टाकंल त्यो जिकला." जाळी कुठून आणायची? तात्यांनी घमेली घेतली, काटेवाडीच्या गोठ्यांतून गुरांच्या जुन्या साखळ्या गोळा केल्या आणि स्वतः वेल्डिंग करून खांबांवर चढवल्या. साखळीवर आदळली की चकतीचा जोर मरतो आणि ती खाली घमेल्यात पडते. नगरपालिकेच्या बागेत अशी नऊ घमेली उभी राहिली. अंतरं त्यांनी मुद्दाम थोडी ठेवली होती. कुणी नावं ठेवली की म्हणायचे, "पयल्या दिवशी आलेल्या मानसाला पयल्याच दिवशी साखळी वाजलेली ऐकू आली पायजे." त्यामुळे मधुमेहवाले, गुडघेवाले, फिरायला येणाऱ्या बायका असे सगळेच त्या खेळाला लागले. कुणी गोल्फ म्हटलं नाही. 'घमेलं खेळायला जातो' असंच सगळे म्हणत.

तात्यांचे थोरले भाऊ आबा काटेवाडीला शेती बघत. दोघांत अबोला होता. सामाईक बांधावरचा आंबा आबांनी धाकट्याला न विचारता तोडला, एवढंच कारण. पण एवढ्याशा कारणावर त्यांनी कितीतरी वर्षं काढली. लग्नकार्यात दोघं एका पंगतीला बसत आणि मीठ हवं असलं तरी तिसऱ्याला सांगत. धाकट्यानं आधी बोलावं तर चूक थोरल्याची, आणि थोरल्यानं आधी बोलावं तर मानाचं काय? असा तो पेच होता. दोघंही जिवाला जीव देणारे, आणि दोघंही हट्टाला पेटले की बैलासारखे.

एका बाजारच्या दिवशी आबा भाजीची पिशवी घेऊन बागेत आले आणि बाकावर बसून बघू लागले. तात्यांनी त्यांच्याकडे न बघता मला सांगितलं, "त्यास्नी म्हनावं, एक टाकून बघा." आबा हातभर अंतरावर बसलेले! तरी मी इमानेइतबारे निरोप पोचवला. आबा मला म्हणाले, "त्येला म्हनावं, म्हाताऱ्याच्या हाताला काय यायचं आता?" पण चकती घेतली. ती गेली थेट मागच्या कण्हेरीत. तात्या पोट धरून हसले, आबाही हसले, मात्र दोघंही माझ्याकडे तोंड करून. त्या दिवसापासून दर बाजारी आबा येऊ लागले, आणि मी दोन भावांच्या मधला पोस्टमन झालो.

वर्षभरात आबांचा हात चांगला बसला. मग मागच्या पावसाळ्यानंतर तात्यांनी एक दिवस निरोप दिला, "त्यास्नी म्हनावं, आता वय झालं. एक डाव लावू. हरंल त्यानं आधी बोलायचं. म्हंजी कुनाचा मान जायाचा न्हाय." आबा साखळीकडे बघत म्हणाले, "म्हनावं, चालंल."

तो डाव बघायला अर्धी बाग जमली होती. आठ घमेल्यांपर्यंत दोघं बरोबरीत. नवव्याला आबांची चकती खांबापासून चार पावलांवर पडली, तात्यांची बरीच मागं राहिली. आता आबा जिंकणार, तात्यांना बोलावं लागणार. आबांनी हात उचलला आणि चकती सरळ कुंपणाकडे भिरकावली. मला वाटलं, हात सटकला. पण तात्यांनी ओळखलं. त्यांचा चेहरा पडला. "थोरल्यांनी वाकायचं आन मी बघत ऱ्हायचं व्हय?" असं मला म्हणाले आणि आपली चकती त्यांनी विरुद्ध बाजूला, हौदात टाकली. मग काय विचारता! आबा गुलमोहराकडे, तात्या फाटकाकडे. दोघांनाही हरायचं होतं, आणि कुणी कुणाला हरू देईना. लोक हसून हसून बेजार झाले. मीही हसलो. आत्ता लिहिताना मात्र वाटतं, कुणीतरी दोघांच्या हातातल्या चकत्या काढून घ्यायला हव्या होत्या. शेवटी ऊन चढलं, आबांच्या गाडीची वेळ झाली. "म्हनावं, फुडल्या बाजारी पुरा करू," आबा म्हणाले. "करू म्हनावं," तात्या म्हणाले. तो पुढचा बाजार तात्यांना दिसला नाही.

तात्या गेले त्या दिवशी आबा आले ते आधी ओसरीवरच बसले. मग आत जाऊन तोंड बघितलं, पाणी घातलं, पण ओठ हलले नाहीत. चार लोकांच्या रडारडीत त्यांना ते जमलं नसावं. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्या कावळा शिवायचा न्हाय बघा. माझ्यापायीच अडून बसंल त्यो. तवा समद्यांफुडं बोलतो त्येच्याशी. हरलो म्हनतो." त्यांनी काय बोलायचं ते मनाशी घोकून ठेवलं होतं, हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी कऱ्हेच्या काठी आबांच्या मुलानं पिंड ठेवला आणि तो मागं सरकतो न सरकतो तोच कावळा आला. कुणी हात जोडायच्या आत त्यानं घास उचलला. भाग्यवान माणूस, काही इच्छा मागं राहिली नाही, असं म्हणत लोक सुटकेनं उठले आणि चपला शोधू लागले. आबा एकटेच पिंडासमोर उभे होते. तोंड उघडलेलं, हात अर्धे जोडलेले. मुलानं दंडाला धरून त्यांना वर आणलं.

परवा बाजारच्या दिवशी ते बागेत आले. मी चकती पुढं केली, ती त्यांनी घेतली नाही. नवव्या घमेल्यापाशी जाऊन साखळ्यांवरून हात फिरवला. मी म्हटलं, "आबा, तात्यांच्या मनात काही राहिलं नव्हतं. म्हणून तर कावळा लगेच शिवला."

"त्येच्या मनात न्हवतंच काय," आबा म्हणाले. "पर माझ्यासाटनं तरी जरा थांबायचं हुतं कावळ्यानं."