कुणी सुंदर लिहायचं नाही

मनगटावरचं घड्याळ सोडायचं, टेबलावर पालथं घालायचं आणि वर्गाकडं न बघताच म्हणायचं, "दहा मिनिटं. कुणी सुंदर लिहायचं नाही."

शनिवारची सकाळची शाळा, शेवटचा तास. बाईंचं हे ठरलेलं. पोरं मान खाली घालायची, आणि शेजारच्या वर्गात शिकवताना मला माझाच आवाज नको इतका मोठा ऐकू यायचा.

सुंदर लिहिणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. तुम्हीही शाळा पाहिल्या आहेत. आष्ट्याच्या अलीकडच्या आमच्या हायस्कुलात ते शिकवण्याचा मक्ता माझ्याकडं होता. मी निबंध सांगायचो, पोरं उतरून घ्यायची, पाठ करायची. 'माझे आजोबा' तर माझी खास निर्मिती. त्यातले आजोबा तिन्हीसांजेला तुळशीपाशी बसलेले असताना त्यांची प्राणज्योत मालवायची. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी सगळ्या वर्गाच्या वह्या मागवल्या. बेचाळीस आजोबा एकाच संध्याकाळी, एकाच तुळशीपाशी गेलेले. त्यातले एक त्या वेळी ऑफिसात साहेबांच्याच शेजारी बसून चहा पीत होते, कारण ते स्कूल कमिटीवर होते. साहेबांनी मला एवढंच विचारलं, गावात साथ आली होती का?

त्यानंतरच्या जूनमध्ये बाई आल्या. साताऱ्याकडच्या. कुणाच्या तरी लांबलेल्या रजेवर, तात्पुरत्या. सत्तरच्या दशकात अशा तात्पुरत्या नेमणुकांवर माणसं वर्षानुवर्षं काढायची. फिकट वॉयलचं पातळ, काळी छत्री, आणि शिक्षकांच्या खोलीत कुणी गप्पांत ओढलं तर "हं का?" एवढंच उत्तर.

त्यांचे शनिवारचे विषय मी कुठल्या निबंधमालेत पाहिले नव्हते. घरच्या उंबऱ्यापासून चुलीपर्यंत चालत जा, वाटेत काय काय लागतं तेवढंच लिहा. किंवा, डोळे मिटा, व्हरांड्यातून कोण गेलं ते नुसत्या पायांच्या आवाजावरून सांगा. एकानं लिहिलं, हेडमास्तरांच्या वहाणा येताना वाजत्यात, जाताना वाजत न्हाईत. कुणी 'निसर्गाची शोभा' वगैरे लिहिलंच, तर बाई त्या शब्दावर बोट ठेवून शांतपणे विचारायच्या, "ही शोभा कुठं राहते?" लाल शाई त्या वापरत नसत. जिथं वाचताना खरं वाटलं, तिथं समासात पेन्सिलीचा एक बारीक ठिपका. पोरं त्या ठिपक्यासाठी जीव टाकायची. माझ्या 'उत्तम' शेऱ्यासाठी कुणी पेनही टाकलं नव्हतं.

नियम एकच. शनिवारच्या वह्या बाईंच्या कपाटात, कुलपात. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, काय सोनं आहे का त्यात? तर म्हणाल्या, "पोरांनी ते मला सांगितलंय. गावाला नाही."

दिवाळीनंतरचा विषय होता, घरातली एक वस्तू बोलते. पलटणीतल्या बापाची काळी ट्रंक बोलली, दाराचा अडसर बोलला. आणि एसएससीच्या वर्गातली शालन होती, तिचा माळ्यावरचा तांब्या बोलला:

'मी नवा हाय. मला पोत्यात गुंडाळून ठेवलाय. माझ्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी शालनचं नाव घातलंय. तिच्या लग्नाचा हाय मी. माझ्यासंगं अकरा भांडी हायत, सगळ्यांस्नी ठावं हाय. शालनला कुणी सांगितलं न्हाई. ती लोणच्याची बरणी काढाय वर आली तवा आमाला बघितलं. ती काय बोलली न्हाई. मीबी बोललो न्हाई.'

शालन म्हणजे कमिटीच्या चेअरमनांची, आबांची मुलगी. लग्न माघात, परीक्षा मार्चात. नवरा मुलगा पलटणीत, रजा मिळेल तेव्हा मुहूर्त. बाई रोज संध्याकाळी दूध आणायच्या निमित्तानं आबांच्या घरी जाऊ लागल्या, ते याचसाठी. शालनच्या आईला त्या हळूहळू वैशाखाकडं सरकवत होत्या. "बोलायला आणखी पंधरा दिवस मिळाले तर होईल," असं त्या मला म्हणाल्या. मला का सांगितलं, कुणास ठाऊक. मी तोंड उघडं टाकून जन्मलेला माणूस आहे हे साऱ्या तालुक्याला माहीत होतं. त्या तालुक्याबाहेरच्या होत्या.

आता माझा पराक्रम ऐका. तुमची लिहायला शिकवायची पद्धत अभ्यासायची आहे, असं सांगून मी बाईंकडून शालनची वही एका रात्रीपुरती मागून घेतली. अभ्यास मी स्टँडसमोरच्या हॉटेलात केला, चार मित्रांपुढं, मोठ्यानं वाचून. नुसतं वाचून नाही, तांब्याचा आवाज काढून. मला वाटलं, हशा येईल. आला नाही. मी आणखी घुमवून वाचलं. पाठमोरा बसलेला एक गृहस्थ अर्धा चहा तसाच ठेवून उठला. तो आबांच्या भावकीतला होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला आबा ऑफिसात. आवाज चढवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. बाईंना म्हणाले, "बाई, घरातली भांडी घरात वाजत्यात. तुमी ती पेठंत वाजीवली."

बाई म्हणाल्या, "वही माझ्या ताब्यात होती."

एवढंच. मी तिथंच होतो. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा होता. त्यात मी कोयना नदी शोधत होतो. मला ती सापडलीही, उगमापासून संगमापर्यंत, पण नकाशापासून तोंड काही फिरवता आलं नाही.

शालनची शाळा त्याच दिवशी बंद झाली. माघातली तारीख पक्की झाली. बाईंची नेमणूक डिसेंबरपुढं वाढणार नाही, असं हेडमास्तरांनी खिडकीकडं बघत सांगितलं.

शनिवारी शेवटचा तास संपल्यावर बाईंनी मला रिकाम्या वर्गात बसवलं. बाकावर. समोर कोरा कागद. नवरा मुलगा माझाच जुना विद्यार्थी होता, माझेच आजोबा मारून पास झालेला. त्याचा पलटणीतला पत्ताही माझ्याकडं होता. त्याला पत्र मी लिहायचं होतं.

मी चार पानं लिहिली. 'सीमेवर अहोरात्र जागणाऱ्या वीरा' इथून सुरुवात. मध्ये स्त्रीशिक्षण, सावित्रीच्या लेकी, शेवटी हिमालय. बाईंनी चारही पानं वाचली.

"सर, त्यानं काय करायचं, ते यात कुठं आहे?"

खरंच नव्हतं. दुसऱ्या खेपेला तीन ओळी उरल्या. शालनला एसएससीला बसायचं आहे. परीक्षा मार्चात आहे. तू रजा मे महिन्यात घेतलीस तर ती बसेल.

"आता तुम्ही हे का लिहिताय, ते लिहा," बाई म्हणाल्या.

"शिक्षक म्हणून माझं कर्तव्य..."

"ते नाही."

त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. शिपाई दोनदा कुलूप घेऊन डोकावून गेला. माझ्या वहीत तोवर शेकडो सूर्य मावळले होते, फुलं कोमेजली होती, मातांची हृदयं द्रवली होती, आणि ही एक ओळ उतरायला पाऊण तास लागला. 'तिची वही मी हॉटेलात वाचून दाखवली. चूक माझी आहे, बाईंची नाही.'

बाईंनी कागद घेतला, वाचला. समासात पेन्सिलीनं काहीतरी केलं आणि पाकिटात घालून दिला. मी लगेच बघितलं नाही. पोस्टाच्या पेटीपाशी गेल्यावर पाकीट परत उघडून बघितलं. मग डिंक नव्हता म्हणून पोस्टमास्तरांच्या शिव्या खाल्ल्या.

तीन आठवड्यांनी त्याचं आंतर्देशीय पत्र आलं. 'सर, रजा नामंजूर झाली असं घरी कळवलंय. मेच्या आत मिळत न्हाई असं लिवलंय. तुमचं पत्र फाडून टाकलं. काळजी नसावी. ता. क. आमचे आजोबा अजून हायत.'

पलटणीपुढं कुणाचं चालत नाही. आबांनीही मान डोलवली. लग्न मेवर गेलं म्हटल्यावर, पोरीला घरात बसवून तरी काय करायचं, असं शालनची आई एका सकाळी म्हणाली. दुसऱ्या दिवशी शालन वर्गात होती. बाईंना मी ते पत्र दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. "चांगलं लिहितो," म्हणाल्या. एवढं कौतुक मला सहा महिन्यांत मिळालं नव्हतं.

डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी बाई सकाळच्या एसटीनं गेल्या. मी स्टँडवर गेलो नाही. निरोपाचं भाषण तयार केलं होतं, पण त्यातलं 'उणीव' नावाचं प्रकरण फार लांबलं, आणि पुरं होईपर्यंत गाडी पेठ नाक्याच्या पुढं गेली असणार.

शालन मार्चात परीक्षेला बसली, मेमध्ये तिचं लग्न झालं. पंगतीत आबांनी मला आग्रहानं जिलेबी वाढली. मी ती खाल्ली. माणूस काय काय खातो.

जूनमध्ये निकाल लागला. शालन सासरहून गुणपत्रिका न्यायला आली. हिरव्या बांगड्या, डोईवर पदर, सोबत दीर. सही केली, कागद घेतला, आणि दारापर्यंत जाऊन परत फिरली.

"सर, बाईंचा पत्ता हाय का वं?"

सहा महिने आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला होता. बाईंच्या घरी कोण असतं, त्या साताऱ्यात कुठं राहतात, यातलं काहीच मी विचारलेलं नव्हतं. मीच बोलत होतो. क्लार्कनं हजेरीबुक काढलं. नावापुढं नुसतं 'सातारा' होतं. सातारा केवढा!

शालननं ते पान जरा वेळ बघितलं. दीर बाहेर सायकलची घंटी वाजवत होता. मग तिनं हातातली गुणपत्रिका उघडली आणि मला विषयवार गुण वाचून दाखवले. मराठीपासून सुरुवात केली, सावकाश, एकेक. ते कुणाला सांगायचे होते हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मी मध्ये काही बोललो नाही.