पोचूभाऊंचा नवा डोंगा

प्राणहितेच्या काठी येतो म्हणून मी मारोतीला कबूल केलं होतं. तो आमच्या चंद्रपूरच्या कचेरीत शिपाई, ढिवराच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्या घरातला. "बाबा नवा डोंगा कोरून राह्यले. पाण्यात उतरवाच्या दिवशी तुमी याच," असं सारखं म्हणायचा. पावसाळ्यात तो रजेवर गावी गेला. पुरातून एका बाळंतिणीला पलीकडे नेताना जुना डोंगा उलटला. बाई वाचली, मारोती गेला.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात त्याच्या वडिलांचं, पोचूभाऊंचं कार्ड आलं: डोंगा झाला, या. मी निघालो.

सकाळची एसटी आष्टीवरून आलापल्लीला दुपारी पोचली. दोन्ही बाजूंना साग, पण पानं गळालेली, सावली कुठेच नाही. तिथून दुसऱ्या गाडीनं अहेरी, आणि पुढे दोन तास पायी. पाणी जवळ न घेतल्याचा पस्तावा झाला. पोचूभाऊंनी भात आणि सुक्या मासळीचा रस्सा वाढला. मारोतीचं नाव कोणीच काढलं नाही.

सकाळी सगळं गाव नदीवर जमलं. एकाच खोडातून कोरलेला डोंगा वाळूवर ठेवला होता. ढोल वाजत होता. डोंग्याला पहिली हळद घरच्या थोरल्या सुनेनं लावायची, अशी रीत. पोचूभाऊंनी सुमनला हाक मारली. मारोतीची बायको ती. ती मागेच उभी राहिली.

एक म्हातारी म्हणाली, "तिनं कशी लावावी, पोचूभाऊ? धाकटीले बलाव."

ढोल थांबला.

"वरीसभर मी लाकूड कोरलो," पोचूभाऊ म्हणाले. "रोज जेवन घेऊन कोन येत होती? धाकटी नाई आली. सुमन, ये बाई."

सुमन आली. तिनं हळद लावली, नारळ वाढवला आणि डोंग्याच्या कडेवर हात ठेवून तशीच उभी राहिली. मग त्या म्हातारीनंच तिच्या कपाळाला हळदीचं बोट टेकवलं. डोंगा पाण्यात गेला. बाया गाऊ लागल्या.

दुसऱ्या दिवशी सुमन मला वाटेपर्यंत सोडायला आली. हातांची हळद अजून गेली नव्हती.

"भाऊ, ते हापिसात माह्याबद्दल काई बोलत होते का?"

मारोती नदीबद्दल बोलायचा, मासळीबद्दल, बापाबद्दल. बायकोचा विषय त्यानं कधी काढला नव्हता.

"रोज," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि परत फिरली.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं, एवढं एक सोडून. आता तिकडे जायला रस्ते चांगले झालेत म्हणतात. तुम्ही जरूर जा. मी पुन्हा गेलो नाही. माझं बोलणं तिला खरं वाटलं की नाही, हे मला आजही माहीत नाही.