सहमालकाची संमती

आप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी भिंती बघायचे, मग माणसं. एकदा आमच्या दौंडातच एका घरी आम्ही सांत्वनाला गेलो होतो. आत रडारड चाललेली, आणि आप्पा थोरल्या मुलाला हळूच म्हणाले, "ह्यो जिना नकाशात न्हाई तुमच्या. बाप हुता तवर खपलं." मी शरमेनं मेलो. महिन्याभरात तोच मुलगा नकाशा काढून घ्यायला आप्पांच्या दारात उभा.

आप्पा माझे थोरले चुलते. खोली वाढवायची असो, वर मजला चढवायचा असो, निम्मं गाव त्यांच्याकडे यायचं. ते स्वतः टेप टाकून मोजायचे, ट्रेसिंग पेपरवर नकाशा काढायचे आणि परवानगीची फाइल नगरपालिकेत नेऊन द्यायचे. आधी बांधायचं आणि कागदाचं मग बघायचं, अशी गावाची रीत. तसल्या गिऱ्हाइकाला आप्पा चहासुद्धा विचारत नसत. "कागद आला की पहिली वीट," एवढं बोलून पेन्सिलीला टोक काढत बसायचे. मला ते फार आवडायचे. हे आज सांगायचीही लाज वाटते.

काकूंना अर्धांगवायू झाला. संडास अंगणाच्या पार टोकाला, आप्पा त्यांना काखेत हात घालून न्यायचे. म्हणून खोलीला लागूनच संडास-बाथरूम काढायचं त्यांनी ठरवलं. नकाशा एका बैठकीत झाला. पण अंगण सामाईक, आणि वडील गेल्यावर उताऱ्यावर आप्पांच्या जोडीला माझं नाव लागलेलं. माझी संमती हवी होती. एक सही.

मी पुण्यात नोकरीला होतो. मनात आलं, आज संडास, उद्या खोली, मग आपलं अंगण गेलंच. तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून "पुढच्या रविवारी निवांत बघू" म्हणत अख्खा पावसाळा काढला. शेजारी म्हणायचे, "बांधून टाका की आप्पा, तुमाला कोण इचारतंय?"

"जल्मभर गावाला नडलो, आन् आता घरच्यासाठी सोडू व्हय?" आप्पा म्हणायचे.

दर रविवारी मी पुण्याहून आलो की मात्र नुसता संमतीचा फॉर्म माझ्यासमोर ठेवायचे, मी चहा पिऊन उठलो की परत फाइलीत लावायचे.

गणपतीच्या सुमारास एका सकाळी आप्पा नळावर पाणी भरत होते. काकू भिंतीला धरून एकट्याच निघाल्या. अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. त्या अंथरुणातून पुन्हा उठल्या नाहीत.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर मी स्वतःहून फॉर्म मागितला. सही केली आणि खाली जूनमधली तारीख टाकली. अशी मागची तारीख टाकायची आमच्याकडे सर्रास पद्धत आहे, कुणाला काही वाटत नाही. माझी संमती आधीपासूनच होती, असं निदान कागदावर तरी दिसावं, एवढाच माझा हेतू.

आप्पांनी चष्मा लावून फॉर्म वाचला. तारखेवर रेघ मारून माझ्यापुढे सरकवला.

"आजची टाक. जूनमधी ती जिती हुती."

मी आजची तारीख टाकली. शाई वाळेपर्यंत त्यांनी कागद हातात धरून ठेवला. मग म्हणाले, "ऊठ आता. गाडी चुकंल तुझी."