वत्सलाबाईंचे गुडघे

कचेरीच्या आवारात बसून अर्ज लिहून देण्याचा माझा व्यवसाय असल्याने समोरचा जिना सदैव माझ्या दृष्टीपुढे असतो. हयातीच्या दाखल्यासाठी निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या पत्नी वत्सलाबाई दरवर्षी तो चढतात. गुरुजींची फुप्फुसे जुन्या आजाराने थकली आहेत. थोड्याच पायऱ्यांत त्यांना धाप लागते.

"अहो, थांबा ना! माझे गुडघे धरले," वत्सलाबाई कठड्याला टेकून म्हणतात.

"तुझ्यापायी कचेरी बंद व्हायची," असे रागावत गुरुजी थांबतात आणि श्वास सावरतात.

यंदा मी म्हणालो, "गुरुजी, विनंती अर्ज लिहितो. साहेब खाली येतील."

"जिवंत आहे हे बसून सांगू होय?" ते हसले. बाई पाणी आणायला वळताच हळूच म्हणाले, "तिचे गुडघे ठणठणीत आहेत. मला ठाऊक आहे, हे तिला कळू देऊ नका."

मनुष्याचे बळ केवळ त्याच्या छातीवरून ठरवू नये, असे माझे विचारांती मत झाले आहे.

दोघे जिना चढू लागले. मधल्या टप्प्यावर या खेपेस गुरुजीच आधी थांबले.

"दुखतायत ना गं गुडघे?"

"फार," वत्सलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कठडा धरला.