कोन्याकचा वास

बाबा गेल्यावर दीड वर्षाने दादा परदेशातून नागपूरला सक्करदऱ्याच्या घरी आला, तो कोन्याकची बाटली घेऊन. त्याच्या जन्मसालाची, फ्रान्समध्ये लाकडी पिंपात मुरलेली. अंत्यविधीला यायला त्याला सुट्टी मिळाली नव्हती. ही ब्रँडी कशी प्यायची ते शिकवायला मात्र त्याने आईसकट सगळ्यांना सोफ्यावर बसवलं.

"पेला तळहातावर धरा," तो म्हणाला. नागपूर सोडल्यापासून त्याची बोलीसुद्धा इस्त्री केल्यासारखी झाली होती. "हाताच्या उबेने तिला जागी होऊ द्या. घाई नको, आधी वास घ्या." मग त्याने स्वतः डोळे मिटून हुंगलं. त्याला मनुकांचा वास आला, जुन्या लाकडाचा आला, जरासा चामड्याचाही आला. वहिनीने मान डोलावली.

"तुला कशाचा येतो?" त्याने मला विचारलं.

"बाबाच्या तळव्यांचा."

तो हसला. त्याला कळलं नव्हतं, म्हणून मी नीट समजावून सांगितलं.

"शेवटच्या दिवशी बाबाचे पाय गार पडले होते. आई हातावर ब्रँडी घेऊन त्यांचे तळवे चोळून राहिली होती, अन् ते तुझं नाव घेऊन राहिले होते. मी तुले फोन लावला, तर तू म्हणाला मीटिंगमध्ये आहो. आमची ब्रँडी साधी होती गा, पण वास हाच."

आईने पेला नाकाशी नेला. "हो, हाच," म्हणाली आणि न पिता खाली ठेवला.

मी माझा पेला संपवला. चांगलीच मुरली होती. मग रिकामा पेला दादापुढे धरला.

"टाक अजून थोडी."