मेलेल्यांचा वकील

आमच्या गावच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या गुरुजींइतका भोळा आणि तितकाच बिलंदर माणूस मी आमगावच्या बाजारात दुसरा पाहिला नाही. भाजीवाली म्हणेल तो भाव देत, वर "मावशी, परवडते ना तुला?" अशी चौकशी करत. पण हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसासाठी भांडायचं म्हटलं की माझ्यासारख्या मुरलेल्या विक्रेत्याला घाम फोडत.

दुसऱ्या महायुद्धानंतर पलटणीत कारकून म्हणून ते वर्षभर जपानात राहून आले होते. तिथे भातशेतीत जुन्या राजांच्या समाध्यांची टेकाडं असतात, वरून पाहावीत तर कुलपाच्या भोकासारखी, आणि शाळेची पोरं रांगेनं ती पाहायला येतात. तेव्हापासून गुरुजींना कुठलाच उंचवटा साधा दिसेना. मुरमाच्या ढिगापाशी सायकलवरून उतरत. एकदा तर माझ्या धानाच्या पुंजण्याभोवती, म्हणजे रचून ठेवलेल्या पेंढ्यांभोवती, फेरी मारून गेले.

मी डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव बांगड्या विकल्या, तेव्हा कुठे जमीन झाली. तिच्या मधोमध दगडांनी वेढलेलं टेकाड. ते सपाट करून एक बांधी, धानाचा एक तुकडा, वाढवायची, हा माझा बेत. तेवढ्यात ही जुन्या माणसाची समाधी आहे म्हणत गुरुजींनी सातवीचा वर्ग सहलीला आणला. धान कापलं म्हणजे शेत रिकामं, असा त्यांचा हिशेब. पण कापणीआधीच उभ्या धानात फेकलेली लाखोरीची डाळ उगवली होती, तिला गवत समजून त्यांनी पोरांना तिच्यावरच कुलपाच्या भोकासारखं उभं केलं.

"काऊन गुरुजी, लाखोरी कायले तुडवून राहिले?" मी ओरडलो.

"चुकलंच शेठ." त्यांनी पोरं धुऱ्यावर, बांधावर, घेतली. "आता आलाच आहात तर बोलू. हे सारं शेत शाळेला द्या."

"डोस्कं फिरलं का तुमचं?"

"मग अर्धं."

"हातभर नाही देत."

"बरं, शेत तुमचं. मी या गावात आहे तोवर टेकाडाला कुदळ लावू नका, एवढंच."

शेत वाचलं या आनंदात मी हो म्हणून बसलो. घरी पोचल्यावर कळलं, बांगड्या विकताना आधी अव्वाच्या सव्वा भाव सांगून मग उतरायची माझीच रीत त्यांनी माझ्यावर चालवली होती. पुढे दरवर्षी सहल आली आणि दरवर्षी मी भांडलो. गेलेल्या बांधीचा राग अजून आहे.

मग गुरुजींची तिरोड्याकडे बदली झाली. सौदा संपला. मी लगेच कुदळीवाली माणसं आणली.

"कुठून सुरू करू, शेठ?" एकानं विचारलं.

मी धुऱ्याकडे पाहत राहिलो. भांडायला कोणी येत नव्हतं.

"आज नको," म्हणालो.

अजूनही नांगर टेकाडाला वळसा घालून जातो. तिथे आले की बैल आपसूक वळतात.