ओठ बधिर होईपर्यंत

नारिन नदीच्या खोऱ्यातल्या त्या डोंगरी गावात थंडीचं कुणाला कौतुक नव्हतं. सकाळी उठून लोक आकाशाकडे बघायचे नाहीत, बालवाडीच्या पायरीकडे बघायचे. तिथे पोरं सांभाळणारी उरुमकान आपा उभी राहून ठरवायची की आज पोरांनी अंगणात खेळायचं की नाही.

तसा बालवाडीच्या भिंतीवर तापमापक होता. मुख्य बाईंनी स्वतः समोर उभं राहून तो लावून घेतला होता, फक्त गरम पाण्याचा नळ भिंतीतून जिथे बाहेर येतो त्याच्या बरोब्बर वर. त्यामुळे बाहेर घोड्यांच्या मिशांना बर्फाची लोंबं लटकत असली तरी तो बापडा वसंत ऋतूच दाखवायचा. वरून हुकूम होता की पारा अमुक एका रेघेखाली गेला तर मुलांना बाहेर सोडू नये. पारा काही त्या रेघेखाली जात नव्हता, तेव्हा हुकूम तंतोतंत पाळला जात होता. वरचे खूश, खालचे खूश.

उरुमकानचा त्या काचेच्या नळीवर काडीचा विश्वास नव्हता. तिची आपली रीत होती. सगळी मुलं आली की ती पायरीवर जायची, तोंडावरची शाल खाली ओढायची, वाऱ्याकडे तोंड करायची आणि नमाजात म्हणतात ती कुराणाची पहिली सूरा, अल्हम्दु, मोठ्याने म्हणायची. शेवटचा शब्द नीट उमटला तर पोरं बाहेर. ओठ अडखळले, जीभ जड झाली, तर पोरं आत. अल्लाचं नाव घेता घेता हवेचाही अंदाज येतो, यात वाईट ते काय? आत खिडकीच्या काचेवरचं बर्फ नखाने खरवडून पोरं तिच्या हलत्या ओठांकडे बघत राहायची. तिने हात वर केला की बुटांच्या ढिगावर झुंबड उडायची.

ती सूरा म्हणायचीही चांगली झरझर. स्वयंपाकघरातली बुबुश, तिची लहानपणापासूनची मैत्रीण, खिडकीतून ओरडायची, "अगं, तू म्हणतेस त्या वेगाने तर उकळता चहासुद्धा गोठायचा नाही! जरा अल्लालाही ऐकू येऊ दे की!"

"त्याला ऐकू येतं. तू तुझ्या लापशीकडे बघ, करपली."

आयांची कुरकुर रोजचीच होती. कुणीतरी फाटकातून हाक मारायची, "आपा, माझ्या पोराचं नाक गळतंय हो! कशाला सोडलंत बाहेर?"

"गळतंय ना? मग बरंय. गोठलं असतं तर मला सांग." आणि वर हेही ऐकवायची, "लोकर काय उन्हात वाढते? थंडीत वाढते. पोरांचंही तसंच. भिऊन घरात कोंडलंस तर मांजर होईल त्याचं."

असा हा नियम सगळ्या गावाच्या पोरांना लागू होता. मग गेल्या शरदात तिची स्वतःची नात आली.

मुलगा आणि सून, मिर्लान आणि एल्नुरा, मॉस्कोत राबायचे. तो गोदामात, ती लोकांची घरं पुसायला. पाच वर्षांची बेगायिम दिवसभर भाड्याच्या खोलीत शेजारणीच्या नजरेखाली बसून असायची. पोर पांढरीफटक पडली, बोलेनाशी झाली. आपल्यात पहिलं नातवंड आजीआजोबांचंच, तेच त्याला वाढवतात. एल्नुराने इतकी वर्षं ते मनावर घेतलं नव्हतं. शेवटी तीच पोरीला घेऊन आली, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "आपा, ही तुमच्याकडे अमानत. चार पोरांत खेळू दे, आपली बोली येऊ दे तिला. एवढंच."

अमानत हा शब्द उरुमकानच्या काळजात जाऊन बसला. आपल्या घरचं भांडं फुटलं तर माणूस जोडतो नाहीतर फेकतो. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेलं फुटलं तर तोंड कुठे दाखवायचं? बालवाडीतली इतकी पोरं रोज सकाळी कुणी ना कुणी तिच्याच हाती सोपवून जात होतं, हे तिच्या ध्यानात आलं नाही असं नाही. पण ध्यानात येऊनही तिने ते तिथेच राहू दिलं.

पहिला बर्फ पडला. उरुमकानने सूरा म्हटली, शेवटचा शब्द खणखणीत उमटला, पोरं बाहेर पळाली. बेगायिमला मात्र तिने हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"हिला जरा गाजरं सोलायला दे," ती बुबुशला म्हणाली.

बुबुशने आधी पोरीकडे पाहिलं. अंगात तीन स्वेटर, त्यावर कोट, डोक्याला दोन रुमाल, गळ्यात ताईत. हात बाजूला खाली जात नव्हते. "ही गाजर सोलणार? हिलाच आधी सोलायला लागेल! आणि काय गं, पोरांची लोकर थंडीत वाढते ना?"

"ती शहरातली आहे. तिला सवय नाही."

"सवय काय गाजरांनी लागणार?"

पण पोरं विचारू लागली, हीच का आत? आयाही विचारू लागल्या. उरुमकान न्यायी बाई म्हणून गावात ओळखली जायची आणि ते नाव तिला सोडवत नव्हतं. तेव्हा तिने न्याय केला. एका सकाळी पायरीवर उभी राहून तिने सूरा अशी सावकाश म्हटली की एकेक शब्द दोन्ही हातांनी उचलून ठेवावा. संपली तरी ओठ शाबूत. मग तिने दुसरी सूरा घेतली. मग तिसरी. पाठ होत्या तेवढ्या संपत आल्या तेव्हा कुठे ओठ अडकले. ती समाधानाने आत आली. "आज नको. हवा बरी नाही."

त्या दिवसापासून हवा रोजच बरी नव्हती. गावातली माणसं म्हणू लागली की उरुमकान आपा भलतीच धार्मिक झाली, पायरीवर तास न् तास उभी असते. मुल्लाने शुक्रवारी तिचं उदाहरण दिलं. देवाचं नाव लांबवल्याचं पुण्य लागतं की पाप, हे त्याला कुणी विचारलं नाही, आणि उरुमकान तर नाहीच. मुख्य बाईंनी बैठकीत तिची पाठ थोपटली, की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मुलांच्या तब्येतीची खरी काळजी घेतली जातेय. आधी पोरांना बाहेर का सोडता म्हणून भांडणाऱ्या आया आता उलट्या फिरल्या. "आपा, दिवसभर कोंडलेली पोरं घरी येऊन छप्पर डोक्यावर घेतात हो! कुठे जिरवायची यांची मस्ती?"

ती पोरं स्वतःच जिरवत होती. बालवाडी सुटली की सगळी जायची गोठलेल्या नदीवर आणि अंधार पडेपर्यंत घसरायची. बालवाडीच्या अंगणात बापांनी पाणी ओतून केलेली बर्फाची घसरगुंडी मात्र कोरीच्या कोरी चमकत होती. नदीवर न जाणारी एकच पोर होती. ती घरी शेगडीपाशी बसून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर रेघोट्या मारायची. आपली बोली तिला अजून दोनचार शब्दांपलीकडे येत नव्हती. बोलायला होतं कोण? आजी तिला दूधचहा पाजायची, मेंढीच्या शेपटीची चरबी छातीला चोळायची, घरात अर्चा नावाच्या डोंगरी झाडाच्या फांदीची धुरी फिरवायची. पोर आजारी पडली नाही. पण गालांवर रंगही चढला नाही.

ऐन थंडीत एल्नुरा सुट्टी काढून आली. विमानातून उतरली तीच शिंकत. आल्या आल्या लेकीला जवळ घेतलं, रुमाल सोडले, स्वेटर सोडले, आणि आतून निघालेल्या पांढऱ्याफटक पोरीकडे बघत बसली.

"बेगायिम, तुझ्या मैत्रिणींची नावं सांग बघू मला."

बेगायिम पुष्कळ विचार करून म्हणाली, "बुबुश."

एल्नुरा हसली नाही. सासूला तिने कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. आताही तिने आधी आपाचा चहाचा वाडगा भरला, अदबीने पुढे केला आणि मग हळूच म्हणाली, "आपा, तिथे ही खोलीत बसून होती म्हणून मी इथे आणली. इथेही खोलीतच बसायचं असेल तर माझ्या खोलीत बसू दे. निदान रात्री कुशीत तरी घेईन. उद्या दुपारच्या गाडीने आम्ही दोघी निघतो."

"अगं, अमानत म्हणालीस ना? जपली मी! एक दिवस ताप नाही आला तिला!"

"होय आपा. चार भिंतींत कोंडून ठेवलेली, ताप कसा येईल?"

सकाळी एल्नुरा लेकीला घेऊन बालवाडीत आली, तिचे वर्गात घालायचे बूट न्यायला. फाटकाशी बाकीच्या आयाही रेंगाळल्या. कोण निघालंय आणि का, ते गावात कधीच पोचलं होतं. उरुमकान पायरीवर गेली. आज पोर आत ठेवली तर ती जाणारच होती. बाहेर सोडली आणि खोकली, तर मग जाण्याला कारणही मिळणार होतं. तिने शाल खाली ओढली. आज नेहमीसारखी, पूर्वीसारखी म्हणायची, असं तिने ठरवलं. सुरुवात केली. पण इतके दिवस लांबवून लांबवून म्हटलेलं ते आता झरझर येईना. दोन शब्द भराभर, तिसरा सावकाश, आणि मधेच, लहानपणापासून झोपेतही म्हणता येणारी सूरा ती विसरली. चक्क विसरली. ओठ गरम होते, जीभ हलकी होती आणि पुढचा शब्द नव्हता.

फाटकाशी आयांच्या माना उंचावल्या. मुख्य बाईसुद्धा खिडकीत.

तेवढ्यात मागून दार करकरलं. बेगायिम बाहेर आली, कोटाची बटणं उघडी, डोक्यावर एकच रुमाल. आजीशेजारी तिने वाऱ्याकडे तोंड केलं आणि आजी जिथे थांबली होती तिथून पुढे म्हणू लागली. रोज खिडकीतून ऐकलेलं, तसंच, एकेक शब्द दोन्ही हातांनी उचलून ठेवल्यासारखं. ती संपवली. मग दुसरी सूरा घेतली. मग तिसरी, काही शब्द तिचे स्वतःचे घालून. एकीवर न थांबता म्हणत राहायचं, आजीने शिकवलंच तसं होतं. सगळं संपलं तेव्हा तिने ओठ दाबून पाहिले, बोटाने चाचपले.

"आपा, तुझे अडकले," ती आपल्या बोलीत म्हणाली. तिच्या तोंडून आलेलं ते पहिलं धड वाक्य. "माझे नाही अडकले."

बुबुश स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली, "झालं! आता हात वर कर की, गाजरं संपली माझी!"

उरुमकानने हात वर केला. बुटांच्या ढिगावर झुंबड उडाली. पोरं ओळखीपाळखीची वाट न बघता बेगायिमला ओढत घेऊन गेली, आणि ती घसरगुंडीवरून पहिल्यांदा पोटावर, मग पाठीवर, मग कुणाच्या तरी अंगावर पडत खाली आली आणि किंचाळली. एल्नुराने तो आवाज मॉस्कोतही ऐकला नव्हता. ती फाटकाशी बूट हातात धरून उभी होती. मग तिला एक मोठी शिंक आली, आणि दुसरी.

दुपारी गाडीवाल्याने भोंगा वाजवला तेव्हा एल्नुराने पिशवी उघडली आणि घडी केलेले छोटे कपडे काढून पुन्हा खुंटीखालच्या पेटीत ठेवले. "आपा, दोन स्वेटर घेऊन जाते," ती म्हणाली. "इथे राहिले तर तुम्ही तिला घालाल."

दुसऱ्या दिवशी बेगायिमचं नाक गळायला लागलं. थंडीने नव्हे, आईचीच देणगी ती, विमानातून आलेली, असं बुबुशने सगळ्या गावाला सांगितलं. सकाळी फाटकाशी एक आई ओरडलीच, "आपा, तुमच्या नातीचं नाक गळतंय हो!"

उरुमकानने उत्तर द्यायला तोंड उघडलं, गावाला पाठ असलेलं तेच उत्तर. पण मग वाकून तिने पोरीचं नाक पुसलं. रुमाल कानांवर ओढला. परत एकदा ओढला. मग हात मागे घेतला, आणि पोर पळाली.